लोरेनबाईंची पडताळणी

ईश्वर रामटेके यांनी नागपुरात अठ्ठावीस वर्षं जातीचे दाखले तपासले, म्हणजे अठ्ठावीस वर्षं लोकांची लबाडी पकडली. आदिवासींच्या राखीव जागेवर डोळा ठेवून कुणीही उठायचं आणि आपल्या पणजोबाला जंगलात नेऊन बसवायचं. कुणी शाळेच्या रजिस्टरात ब्लेडनं जुनी जात खरवडून नवी लिहून आणी, कुणी मेलेल्या मास्तरची ताजी सही आणी. रामटेके कागद उजेडाकडे तिरपा धरत, खरवडलेली जागा बोटाच्या पेरानं चाचपत आणि खाली लाल शाईनं लिहीत, ‘दावा सिद्ध होत नाही.’ कचेरीत लोक म्हणायचे, प्रत्यक्ष देव जरी आला तरी रामटेकेसाहेब आधी देवाच्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला मागतील.

असा हा माणूस १९९६च्या सप्टेंबरात, रिटायर होऊन चार महिने झाल्यावर, लेकीकडे अमेरिकेत आला. रोशनी श्रूजबरीत राहायची आणि शेजारच्या वूस्टर गावात एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आता लेकीला बाप आणि बापाला लेक. आठव्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवून रोशनी म्हणाली, “बाबा, मला लग्न करायचंय. डेव्हिडशी. आमच्याच लॅबमध्ये आहे. आपल्या पद्धतीनं, बुद्धवंदना म्हणून करायचंय, आणि तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी डेट फिक्स करणार नाही.”

डेव्हिड टकर उंच, शांत, काळा मुलगा होता. बापाला जाऊन वर्षं झालेली. आई लोरेन टकर वूस्टरच्या पोस्टात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. रामटेके मनातल्या मनात स्वतःवर खूश झाले. आपण जातपात तोडणारी माणसं, आपल्याला काळ्या-गोऱ्याचं काय? उलट हे तर आपलेच लोक, असं ते रोशनीला दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा रोशनीनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

पुढच्या रविवारी लोरेनबाईंनी जेवायला बोलावलं. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव, सगळं झकास होतं. गोड खाताना बाईंनी भिंतीवरून एक फोटो काढून रामटेक्यांच्या हातात दिला. खुर्चीत बसलेली एक ताठ म्हातारी, गालफडं वर आलेली.

“ही माझी पणजी, चॅरिटी मेफील्ड. ओक्लाहोमाची,” बाई कौतुकानं म्हणाल्या. “हिचा बाप टॉम स्मोक हा पक्का चेरोकी होता, इथला मूळचा आदिवासी. आमच्यात ते रक्त आहे.”

झालं! रामटेक्यांच्या हातातला चमचा थांबला. त्यांनी फोटो उलटा केला. मागे तारीख नाही, फोटोवाल्याचा शिक्का नाही. गालफडं वर आलेली म्हणजे आदिवासी? अशी गालफडं पुढे करून कचेरीत येणारे त्यांनी शेकड्यांनी परत पाठवले होते.

श्रूजबरीतल्या संध्या देशमुखांकडे गणपतीच्या जेवणाला गेले तेव्हा त्यांनी हळूच विषय काढला. संध्याबाई खदाखदा हसल्या. “अहो काका, इथे ज्याच्या-त्याच्या घरात एक चेरोकी आजी असते! आमच्या ऑफिसातल्या सुझनलापण आहे, आणि ती तर दुधासारखी गोरी. गंमत असते हो ती.” रामटेकेही हसले. सुझनची आजी त्यांना खरंच गमतीची वाटली. लोरेनबाईंची मात्र काही केल्या घशाखाली उतरेना.

“जो माणूस जन्माबद्दल खोटं बोलतो तो कशाबद्दलही बोलेल,” घरी येऊन ते रोशनीला म्हणाले. “त्या घरात मी मुलगी देणार नाही. आधी खरं-खोटं होऊ दे.”

“बाबा, ती घरातली गोष्ट सांगत होती. अप्लिकेशन नव्हती करत!” रोशनीचा आवाज चढला. “तुम्ही प्लीज तिची इन्क्वायरी करू नका. मला लाज वाटेल.”

“मी इन्क्वायरी करत नाही. मदत करतो,” रामटेके म्हणाले, आणि एवढं सराईत खोटं आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्यांना नवल वाटलं नाही.

वाचनालयात बसून त्यांनी चार दिवसांत सगळं समजून घेतलं. शतक उलटताना सरकारनं चेरोकी लोकांची सामाईक जमीन तोडून माणशी वाटून दिली होती. त्यासाठी तंबू ठोकून, टेबल टाकून, एकेका घराची नोंद केली. ज्याचं नाव त्या यादीत तो चेरोकी, नाही तो नाही. याद्यांच्या फिल्म तासाभरावर वॉल्थम गावातल्या सरकारी दप्तरखान्यात पाहायला मिळत. रामटेक्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी लोरेनबाईंना फोन केला, आपण हेच काम अठ्ठावीस वर्षं केलं आहे, तुमच्या पणजीची नोंद शोधून देतो, असं सांगितलं. बाई इतक्या हरखल्या की दोन वेळा थँक यू म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी बाई स्वतःच गाडी घेऊन आल्या. दोघांसाठी सँडविच बांधून आणलेली, अंगावर चर्चला जायचा निळा कोट. रस्त्यात रामटेक्यांनी गृहचौकशी सुरू केली. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारायचा, ही त्यांची जुनी खोड. चॅरिटीला मुलं किती? मग दहा मैलांवर, एला तिची कितवी? बाईंची उत्तरं दोन्ही वेळा जुळली. चॅरिटीची मुलगी एला, एलाची मुलगी आपली आई. रामटेके खिडकीबाहेर बघत मनात म्हणाले, उत्तरं फारच जुळतात, पाठ केलेली दिसतात. उत्तरं जुळली नसती तर काय म्हणाले असते, ते सांगायला नको.

दप्तरखान्यात कागद नव्हताच. अंधाऱ्या खोलीत यंत्रं मांडलेली, त्यात रीळ घालायचं आणि मूठ फिरवायची की पडद्यावर पानं सरकत. तिरपं धरायला काही नाही, चाचपायला काही नाही. रामटेके चडफडले. टेबलावरच्या बाईनं विचारलं, “कुठली यादी बघायचीय? रक्ताच्या चेरोकींची वेगळी आहे, लग्नानं आलेल्या गोऱ्यांची वेगळी, फ्रीडमेनची वेगळी.”

“रक्ताची,” रामटेके ठामपणे म्हणाले. दावा रक्ताचा, तर यादी रक्ताची. कचेरीत हाच नियम होता. ज्या जमातीचा अर्ज, त्याच जमातीचं रजिस्टर उघडायचं. दुसऱ्यांची रजिस्टरं चाळत बसायला वेळ कुणाला होता?

लोरेनबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे डोळे लावले. पानं सरकली. मेफील्ड आले, बरेच आले. जॉन, ल्यूसी, पर्ल. चॅरिटी नाही. रामटेक्यांनी मूठ उलटी फिरवून पुन्हा पाहिलं. नाही. एलाही नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. छातीत गरम चहा उतरावा तसा झाला. अठ्ठावीस वर्षांत हा आनंद त्यांना ओळखीचा होता आणि त्याला ते प्रामाणिकपणा म्हणत आले होते.

“मॅडम, नोंद नाही,” ते चेहरा लांब करून म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नका. घरातल्या गोष्टी अशाच असतात.”

बाई म्हणाल्या, “ती तिसरी यादी कसली? फ्रीडमेन म्हणाली ती.”

“त्यात तुमचं काम नाही. ती गुलामांची आहे. चेरोकी लोकांनी पाळलेले काळे गुलाम, सुटल्यावर त्यांची केलेली यादी.”

“चेरोकींनी?” बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. बराच वेळ त्यांच्या बोटांत कोटाचं एक बटण फिरत राहिलं. “मी तासभर गाडी हाकत आलेय, मिस्टर रामटेके. लावा ती.”

रामटेक्यांनी नाइलाजानं रीळ चढवलं. फार फिरवावं लागलं नाही. पडद्यावर एक कार्ड येऊन थांबलं. चॅरिटी मेफील्ड, वय ४६. खाली एला, मुलगी, वय १९. एलाच्या खाली आणखी दोन नावं, ती वाचून बाई पुटपुटल्या, “रूबेन मामा. हॅटी मावशी.” रक्ताच्या यादीत प्रत्येक नावापुढे रक्त किती, पाव की निम्मं, असा रकाना होता. इथे त्या जागी वेगळा रकाना होता: कोणाची गुलाम. चॅरिटीपुढे कारकुनानं वळणदार अक्षरात मालकाचं नाव लिहिलं होतं, जेम्स मेफील्ड.

“तिचा बाप?” बाईंनी विचारलं.

रामटेक्यांनी मूठ एक घर पुढे नेली. कार्डाची मागची बाजू. आईचं नाव, आईच्या मालकाचं नाव. बापाचं नाव, टॉम स्मोक. बापाचा मालक कोण, त्या रकान्यात मालक नव्हता. तिथे लिहिलं होतं: चेरोकी नागरिक.

रामटेक्यांचा हात मुठीवरच राहिला. नोंद खोटी असती तर त्यांना कळलं असतं. अशी खोटी कुणी करत नाही. ती बाई तंबूत टेबलासमोर उभी राहिली होती, बापाचं नाव सांगितलं होतं, आणि कारकुनानं ते इमानदारीत उतरवूनही घेतलं होतं. फक्त त्याआधी त्यानं तिचं तोंड पाहिलं होतं, आणि तोंड पाहून रजिस्टर निवडलं होतं. बाप चेरोकी आहे हे लिहूनसुद्धा रक्ताचा रकाना तिला मिळालाच नाही. आणि नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी नागपूरचा एक कारकून आला आणि त्यानंही तेच एक रजिस्टर उघडून फाइल बंद केली. अशा किती बंद केल्या असतील? लाल शाईखालच्या एकाही अर्जदाराचा चेहरा त्यांना आठवेना, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

लोरेनबाई रडल्या नाहीत. दहा सेंट टाकून त्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजूंची छापील प्रत काढली, घडी न घालता पिशवीत ठेवली. “आमच्या घरात मालकाचं कुणी कधी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “टॉम स्मोकचं सांगितलं. जे सांगायला बरं वाटतं ते सांगतात माणसं.”

बाहेर गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली हातातच धरली.

“तुम्ही मला इथे का आणलंत?”

रामटेक्यांपाशी उत्तर तयार होतं, मदतीचं. ते त्यांना देता येईना. “मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय,” ते म्हणाले. “तुम्हाला पकडायला आणलं.”

“ते मला पहिल्या दहा मैलांत कळलं. तीस वर्षं पोस्टात होते मी, साहेब लोक एकच प्रश्न दोनदा कधी विचारतात ते मला माहीत आहे.” बाईंचा स्वर चढला नव्हता, पण त्यात आता कोंबडी वाढणारी बाई राहिली नव्हती. “मला वाटलं, माणसाचा स्वभाव असेल, शोधून तर देतोय. हे कार्ड मिळालं नसतं तर?”

“तर लग्नाला नाही म्हणालो असतो.”

“डेव्हिडची आई गोरी असती, आणि तिनं हीच गोष्ट अशीच जेवताना सांगितली असती, तर तिला आणलं असतं तुम्ही?”

रामटेक्यांनी तोंड उघडलं. बाबासाहेबांचा फोटो, नागपूरचे मोर्चे, आयुष्यभर सोसलेले अपमान, सगळं त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला धावून आलं. यातलं काहीही पुढे केलं तरी ही बाई कदाचित ऐकून घेईल, हेही त्यांना दिसलं. पण त्या खोलीत तिनं कोटाचं बटण फिरवत काढलेली ती मिनिटं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

“नसतं आणलं,” ते म्हणाले. “हसून सोडून दिलं असतं.”

बाईंनी मान हलवली, जणू पत्ता बरोबर आहे एवढंच पाहून घेतलं. मग गाडी सुरू केली.

“आता हे रोशनीला सांगायचं. तुम्ही, तुमच्या तोंडानं, आजच. मी आणि डेव्हिड समोर बसू.” त्यांनी आरशात मागचा रस्ता पाहिला आणि गाडी बाहेर काढली. “त्यानंतर माझा मुलगा तुमच्या घरात द्यायचा की नाही, ते मी ठरवीन.”