बांडीला पाजलेलं औषध

मी जंताच्या औषधाची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका, माझ्याच जिवावर तुमच्या शेळ्या अंग धरतात. कर्जतच्या दुकानातून कमलेशनं मला कडावला आणलं, त्याच्या आईच्या, मोतीबाईच्या शेळ्यांसाठी.

माझं काम सोपं आहे. पेशी एकाच्या दोन होताना डीएनएची सारखी वाटणी व्हावी लागते. जंताच्या पेशीत मी ती वाटणीच बिघडवते. खोट एवढीच, की जंत कोण आणि करडू कोण हे मला ओळखता येत नाही. पोटात नुकतंच रुजलेलं करडूही त्याच वाटणीत गुंतलेलं असतं. म्हणून माझ्या अंगावर छापलंय, गाभण जनावराला सुरुवातीच्या दिवसांत पाजू नये. अक्षर मात्र मुंगीएवढं.

कमलेशनं ते वाचलं, बरं का. शहाणा मुलगा. त्यानं विचारलं, "आई, यातली कुनी गाभण हाय का गं?"

"कुनी नाय रं."

बांडी शेळी वीस दिवसांची गाभण होती आणि मोतीबाईला ते पक्कं ठाऊक होतं. पण पोट दिसेस्तोवर वाच्यता करायची नाही, नजर लागते, हा तिचा नेम. त्यातून कुंपणापलीकडे शेजारीण जयवंता भांडी घासत होती. कमलेशनं बांडीला पाजलं, वर मायेनं दोन घोट जास्तच. मला ओरडता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

करडू झालं ते पुढचे दोन्ही पाय मुडपलेलं. मोतीबाईनं जयवंताच्या नावानं बोटं मोडली, मीठमोहरी उतरवली. मग गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी मला फळीवरून उचललं, ती ओळ वाचली.

"हे बांडीला कधी पाजलंत? यानंही झालं असेल."

मोतीबाईनं बोटांवर महिने मोजले आणि गोठ्यातच मटकन बसली.

करडू उठायला बघतं, पडतं, पुन्हा उठतं. मोतीबाई रोज त्याचे पाय तेलानं चोळते. मी अजून अर्धी भरलेली, फळीवरच आहे.

परवा बांडीला बोकड दाखवला. त्याच संध्याकाळी मोतीबाई कुंपणाशी गेली. "जयवंते, आमची बांडी गाभण राहील आता. समद्यांना सांग गं."

नजरेची भीती वाटत असेल, तर तुम्हीही खुशाल मीठमोहरी उतरवा. मला उघडताना कुणी विचारलं, तर मात्र खरं सांगा.