काद्योच्या नावाची निळी पट्टी

मी एक जुना बॅनर आहे. शेवटी ऑरिंगने माझ्यावरून काद्योचे नाव काढले. एकेक सेफ्टीपिन उघडून, एकेक अक्षर सोडवून, घाई न करता.

मित्रांनो, वरचे वाक्य कृपया विसरा. असे काही घडलेलेच नाही. नाव जागच्या जागी आहे, वारा समुद्राकडून येतो आहे, आणि आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म एका पराभवातून झाला. फिलिपीन्समधल्या पानाय बेटाच्या किनाऱ्यावर आमची कोळ्यांची वस्ती आहे. तिथे एका निवडणुकीला बोयेत साल्वानेरा नावाचे गृहस्थ उभे राहिले होते. मी त्यांचा फ्लेक्स होतो. माझ्यावर त्यांचा दरवाजाएवढा चेहरा होता, वर केलेला अंगठा होता आणि खाली लिहिले होते, 'तुमचा माणूस. कायम तुमच्यासोबत.' निकाल लागला आणि साहेब त्याच संध्याकाळी शहरातल्या घरी निघून गेले. कायम सोबत राहिलो ते आम्ही फ्लेक्स.

हरलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाही. माझ्या एका भावाचे डुकरांवर छप्पर झाले. दुसरा एका होडीवर ताडपत्री म्हणून लागला आणि साहेबांपेक्षा जास्त जग पाहून आला. तिसरा न्हाणीचा आडोसा झाला. त्याची छापील बाजू आत आल्यामुळे साहेब आंघोळ करणाऱ्याकडे टक लावून हसत, आणि वस्तीत पाण्याची मोठी बचत झाली.

मी ऑरिंगच्या हाती लागलो. ऑरिंग ही आमच्या वस्तीची बॅनरवाली. शहरात छापून आणलेला बॅनर महाग पडतो, आणि त्यावर एकदा एका पोराचे नाव छापले की तो दुसऱ्या पोराच्या कामाचा राहत नाही. ऑरिंगचा बॅनर सगळ्यांच्या कामाचा असे. तिने मला उलटे अंथरले. माझी पाठ पांढरी, कोरी होती. तिच्यावर तिने लाल प्लास्टिकच्या पिशव्यांतून कापलेली 'हॅपी बर्थडे' ही अक्षरे शिवली. कडेने आइसकँडीच्या धुतलेल्या पिशव्यांचे त्रिकोण लावले. मग पिठाच्या गोणीचे कापड गडद निळे रंगवून त्याची लांब पट्टी माझ्या मधोमध बसवली. ही नावाची जागा. ती रिकामी ठेवायची. नावाची अक्षरे पुठ्ठ्याची, त्यावर वेफर्सच्या पाकिटांची आतली चंदेरी बाजू चिकटवलेली. ज्याचा वाढदिवस, त्याची अक्षरे सेफ्टीपिनांनी पट्टीवर लावायची. जेवणे झाली की अक्षरे बिस्किटांच्या डब्यात आणि मी पुढच्या घरी.

मला टांगण्याचे काम काद्योचे. काद्यो म्हणजे ऑरिंगचा नवरा. तो मासे धरी आणि गाठी मारी. त्याची गाठ इतकी पक्की असे की पार्टी संपल्यावर ती सोडायला त्यालाच बोलवावे लागे, आणि बोलावले म्हणजे जेवायला वाढावे लागे. मला वाटते, गाठ पक्की असण्याचे कारण तेच असावे.

वर्षे गेली. मी बाप्तिस्मे पाहिले, लग्नाचे वाढदिवस पाहिले, दात नसलेल्या म्हाताऱ्यांना केकवर फुंकर मारताना पाहिले. लोक माझ्याकडे पाहून म्हणत, "छापल्यासारखा दिसतो." आम्हा हाती केलेल्यांना याहून मोठी शाबासकी कोणी देत नाही. एकदा तर शेजारच्या झुंजीच्या कोंबड्याचा वाढदिवस झाला. त्याचेही नाव निळ्या पट्टीवर चमकले. पुढच्या रविवारी तो हरला आणि त्याचे सूप झाले.

त्याच सुपाचा वाडगा हातात घेऊन काद्यो म्हणाला, "ऑरिंग, या कोंबड्याचं नाव लागलं. माझं कधी लागणार गं?"

"तुझ्या वाढदिवसाला तू असतोस कुठे? समुद्रात."

"मग समुद्रात टांग."

"सूप पी गुपचूप. आणि हाडं चावू नकोस, तुझ्यापेक्षा शूर होता तो."

पण ऑरिंगच्या मनाला ते लागले असावे. ज्या दिवशी काद्यो पन्नास वर्षांचा व्हायचा होता, त्या दिवशी उजाडताच तिने डबा उघडला. चंदेरी अक्षरे पट्टीवर चढली. काद्यो तोंड धुऊन बाहेर आला, तर घराचा खांब आणि माड यांच्यामध्ये बांधायला मी तयार. त्याने मला बांधले, चार पावले मागे गेला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिला.

"जरा डावीकडे वाकडं आहे," तो म्हणाला. एवढेच. पण डोळे पुसायला त्याला पुन्हा तोंड धुवावे लागले.

मग तो जाळे उचलू लागला. त्याची थोरली बहीण पिलार अंगणात कांदे चिरत होती. तिला सगळी वस्ती मानांग म्हणते, कारण ती सगळ्यांनाच थोरल्या बहिणीसारखी रागावते.

"वाढदिवसाला कोणी पाण्यावर जातं का रे?" मानांग पिलार ओरडली.

"पाहुण्यांना वाढू काय, मानांग? बॅनरमागच्या साल्वानेराचं हसू?"

"तुझ्यापेक्षा जास्त पोट भरेल त्यानं."

काद्यो हसला. ऑरिंगला म्हणाला, "दुपारपर्यंत येतो. पान्सित निवू देऊ नकोस."

पान्सित म्हणजे वाढदिवसाच्या शेवया. त्या लांबच लांब असतात आणि तोडायच्या नसतात. शेवई जितकी लांब, तितके वाढदिवसवाल्याचे आयुष्य.

दुपारी वारा फिरला. माझी झालर फाटेस्तोवर फिरला. पाहुणे आले, समुद्राकडे पाहत उभे राहिले. चार होड्या शोधायला गेल्या. उरलेल्यांना ऑरिंगने बसवले आणि पान्सित वाढले, कारण ते निवू द्यायचे नव्हते.

मित्रांनो, मी पुष्कळ पंगती पाहिल्या, पण तशी पंगत पाहिली नाही. कोणीही शेवई दाताने तोडली नाही. मोठमोठी माणसे मान मागे टाकून, हात उंच करून एकेक शेवई सबंध गिळत होती. एका म्हाताऱ्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, तरी त्याने तोंड मिटले नाही. सगळे मिळून काद्योचे आयुष्य लांब धरून ठेवत होते.

होड्या परत आल्या. त्यांना काद्योच्या होडीचा तोल सांभाळणारा बाजूचा बांबू तेवढा सापडला होता.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना होते. वस्तीत ती मानांग पिलार म्हणते. ती आठवडाभर थांबली, मग काळे कपडे घालून, हातात जपमाळ घेऊन आली आणि माझ्याखाली उभी राहिली.

"ऑरिंग, हे उतरव आता."

"वाढदिवस झाला नाही अजून, मानांग."

"अगं बाई, 'हॅपी बर्थडे'च्या खाली बसून गेलेल्या माणसाची प्रार्थना कशी म्हणू मी? देव काय म्हणेल?"

"देवाला वाचता येतं ना? मग खालचं नावही वाचेल. तो माणूस कुठे ठेवलाय, ते त्यालाच विचारा."

"तुझा एकटीचा नवरा नव्हता तो! माझा भाऊ होता. मी कडेवर घेऊन फिरवलाय त्याला." मानांग पिलारने हात वर करून माझ्या दोरीला घातला.

"गाठीला हात लावू नका," ऑरिंग म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती त्यानं मारलेली आहे. तोच सोडेल."

मानांगचा हात वरच राहिला. गाठ तिच्या बोटांखाली होती. तिने ती चाचपली, लहान मुलाचे डोके चाचपावे तशी, आणि हात खाली घेतला. दोघी दोन बाजूंना तोंडे करून उभ्या राहिल्या. मग मानांग नाक पुसत म्हणाली, "बरं. बॅनर हलवायचा नाही. मग माणसं हलवू."

आणि सबंध वस्ती उठून माझ्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

पलीकडच्या बाजूला मी अजूनही साल्वानेरा साहेब होतो, हे गडबडीत कोणाच्या लक्षात आले नाही. टेबल मांडले गेले, त्यावर काद्योचा फोटो, मेणबत्त्या, फुले. आणि वर दरवाजाएवढे हास्य, वर केलेला अंगठा आणि 'तुमचा माणूस. कायम तुमच्यासोबत.' मानांग पिलारने डोळे उघडले, वर पाहिले, आणि पुन्हा घट्ट मिटले. प्रार्थना चालू राहिली. रोज संध्याकाळी वस्ती साहेबांकडे तोंड करून रडली. ऑरिंग एकटी माझ्या अलीकडच्या बाजूला, 'हॅपी बर्थडे'कडे तोंड करून बसत असे. दोघांच्या मध्ये मी. माझी जाडी किती ती!

शेवटच्या दिवशी खुद्द साल्वानेरा साहेब आले. पुढची निवडणूक जवळ आली होती, आणि आमच्याकडे उमेदवार लग्नाला एक वेळ चुकेल, मयताला चुकत नाही. अंगणात शिरताच त्यांनी स्वतःला पाहिले. इतक्या वर्षांनंतर! हरल्यानंतर! त्यांनी हात जोडले.

"माझ्या बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "ही निष्ठा..."

"बसा, साहेब," मानांग पिलार म्हणाली. "एक तुम्ही उभे आहात वर. तेवढे पुरे."

कोणीतरी हसले आणि लगेच रडू लागले. साहेब गोंधळले. पलीकडून हुंदक्याचा आवाज आला म्हणून ते मला वळसा घालून गेले. तिथे ऑरिंग एकटी बसली होती. तिच्या पुढ्यात ताटात झाकलेले पान्सित होते. साहेबांनी मान वर करून 'हॅपी बर्थडे, काद्यो' वाचले. मग त्यांनी टोपी काढली आणि तिच्या शेजारी मातीत मांडी घातली. इस्त्रीच्या विजारीसकट. उठून गेले तेव्हा कोणाशी हात मिळवायला विसरले. वस्तीच्या मते साहेबांनी या भागासाठी केलेले ते पहिले काम.

त्यानंतर मी वर्षभर तसाच टांगलेला होतो. माझ्या कामाची वर्षे मानाची होती, पण हे वर्ष नुसते उन्हाचे होते. लाल अक्षरे गुलाबी झाली. झालरीचे त्रिकोण वाऱ्याने एकेक करून नेले. निळ्या पट्टीचा रंग धुतलेल्या आभाळासारखा विटला. लोक बॅनर मागायला येत आणि ऑरिंग म्हणे, "जागा रिकामी नाही." नवा बॅनर शिवायला तिचे हात उठत नसत. शेजारच्या तेरेसिंगने तर मुलीचा पहिला वाढदिवस मी आहे तसाच, माझ्याखालीच उरकला. लोकांनी गाणे म्हणताना वर वाचले आणि काद्योला शुभेच्छा दिल्या. मुलगी त्या नावाला ओ देऊ लागली. पुढे तिचे खरे नाव तिला समजावून सांगावे लागले.

आमच्याकडे वर्ष भरले की सुतक उतरवतात. काळे कपडे काढायचे, जेवण करायचे, आणि जिवंत माणसांनी पुन्हा जिवंत व्हायचे. काद्योचे वर्ष त्याच्या वाढदिवसालाच भरत होते, त्याला दुसरा दिवस कुठून आणणार? मानांग पिलार पान्सितचे पातेले घेऊन आली. या वेळी तिने दोरीला हात घातला नाही. पातेले ठेवले आणि माझ्या अलीकडच्या बाजूला, ऑरिंगच्या शेजारी येऊन बसली.

थोड्या वेळाने ऑरिंगनेच विचारले, "तेरेसिंगच्या पोरीचा दुसरा वाढदिवस कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"काद्यो म्हणून हाक मारतात तिला अजून?"

"मीच मारते," मानांग पिलार म्हणाली. "वळून बघते ती. बरं वाटतं."

ऑरिंग उठली. स्टूल घेतले. आता मित्रांनो, मी तुम्हाला जे वाक्य विसरायला सांगितले होते, ते कृपया परत आठवा. ते घडले. सेफ्टीपिना गंजल्या होत्या, एक तिच्या बोटात गेली. एकेक अक्षर सुटून डब्यात पडत होते आणि डबा दरवेळी वाजत होता. शेवटचे अक्षर काढून ती खाली उतरली. माझ्याकडे पाहायला तिने मान वर केली नाही.

"ऑरिंग," मानांग पिलार म्हणाली. "अगं ऑरिंग, बघ तरी."

वर्षभर ऊन सगळ्या पट्टीवर पडले होते. फक्त अक्षरांखाली ते पोहोचले नव्हते. फिकट पट्टीवर, जिथे जिथे चंदेरी पुठ्ठा होता तिथे, पहिल्या दिवसाचा गडद निळा रंग जसाच्या तसा होता. नाव काढले होते आणि नाव तिथेच होते.

ऑरिंग चार पावले मागे गेली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली.

"जरा डावीकडे वाकडंच आहे," ती म्हणाली.

मग दोघींनी एकाच ताटात पान्सित खाल्ले. शेवया न तोडता.

आता मी पुन्हा कामावर आहे. पण घरोघर जात नाही, पोरांनाच माझ्याखाली आणतात, कारण ती गाठ अजून कोणी सोडलेली नाही. वाढदिवसांना पट्टीवर कोणाकोणाची नावे चढतात आणि उतरतात. सगळी काद्योच्या वर बसतात आणि काद्यो कोणाला काही म्हणत नाही. मित्रांनो, जुना बॅनर दिसला तर त्याचा बोळा करून फेकू नका. आधी अक्षरांखाली पाहा. आम्ही स्वस्त असतो, पण आमच्यावर टाचलेले सगळेच स्वस्त नसते.

मात्र एक अडचण आहे. पुठ्ठा निघाल्यामुळे त्या गडद निळ्यावर आता रोज ऊन पडते, आणि तो रंग माझ्या पाठीवर हळूहळू फिका होत चालल्याचे मला कळते. ऑरिंगला अजून कळलेले नाही. म्हणून मी हा अर्ज करतो आहे. सबब, वस्तीच्या कार्यालयास अर्जदाराची नम्र विनंती की, आपल्या हद्दीत उगवणाऱ्या सूर्यास आपल्या सही-शिक्क्याने सूचना देण्यात यावी की, खांब व माड यांच्या दरम्यान असलेल्या सदर निळ्या पट्टीवर, काद्यो यांच्या नावापुरत्या जागेवर, त्याने यापुढे पडू नये. उर्वरित वस्तीवर पडण्यास अर्जदाराची हरकत नाही. विषय तातडीचा असल्याने कार्यवाही आजच, शक्यतो दुपारपर्यंत व्हावी.