रांजणाच्या पोटात जाळ

मी रांजण बोलतोय. जरा लांब उभे राहा हं, माझ्या पोटात जाळ आहे! रांजण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे थंडगार पाणी येतं, भोवती गुंडाळलेला ओला फडका येतो, वर उपडं ठेवलेलं पितळी भांडं येतं. ते सगळं मी करून बसलोय. आता माझ्या पोटात रोट्या भाजतात! हॉटेलात मिळतात तशा, फुगलेल्या, काळे ठिपके पडलेल्या. हसू नका. मला बोलायची घाई आहे, तुम्ही फक्त ऐका.

माझा जन्म देवासचाच. टेकडीच्या पायथ्याशी शालिग्राम कुंभाराचं घर होतं. तळ्याकाठची माती, चाळलेली राख आणि लीद तुडवून त्यानं मला निम्मं चाकावर आणि निम्मं थापीनं ठोकून घडवलं. मग आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजलं. बाप रे, ती आग! बाहेर आलो तेव्हा लालबुंद होतो आणि मनाशी म्हणत होतो, सुटलो, आता जन्मभर थंड राहायचं.

मला विकत घ्यायला मोरोपंत आले. त्या वेळी देवासात दोन राजे नांदत होते. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती दुसऱ्याची. मोरोपंत धाकट्या पातीच्या कोठीवर कारकून. त्यांनी बोटाच्या पेरानं मला वाजवून पाहिलं आणि विचारलं, "हा धाकटीच्या हद्दीतला ना?"

शालिग्राम म्हणाला, "सरकार, मिट्टी तो दोनों की एक ही तलाव की है."

"माती राहू दे रे. तू कुठला?"

"धाकटीचा जी."

"मग ठीक."

असा मी त्यांच्या मागच्या पडवीत येऊन बसलो. माणसांना ओळखायचं असेल तर पाण्याच्या रांजणात बसावं. झाकण उघडून आधी आपलं तोंड न्याहाळणारे यशवंतराव, म्हणजे मोरोपंतांचे चिरंजीव. तळाशी किती उरलंय ते पाहूनच भांडं बुडवणाऱ्या त्यांच्या आई, भवानीबाई. आणि सगळ्यांत धांदरट यशवंतरावांची धाकटी बहीण, विद्युल्लता. ती अर्धं पाणी पिणार, अर्धं माझ्या अंगावर सांडणार आणि तोंड पुसत पळणार. मला तीच सगळ्यांत आवडायची.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन झाली, दोन्ही पात्या कागदावरून पुसल्या गेल्या. मोरोपंत घरी बसले. पण त्यांच्या मनातली हद्द जिथल्या तिथे राहिली. त्याच सुमारास माझ्या बुडाशी केसाएवढी चीर गेली आणि मी पाझरू लागलो. एवढ्या वर्षांची सेवा, पण कुणी हळहळलं नाही. मला उचलून मागच्या अंगणात सीताफळीखाली टाकलं. एक मांजर माझ्या पोटात व्याली. पिल्लं मोठी होऊन गेली, तीसुद्धा मागे वळून न पाहता.

आता ऐका, खरी गंमत इथून आहे!

समोर, रस्त्याच्या पलीकडे, पूर्वीच्या थोरलीच्या हद्दीत, पंजाबातून उजाडून आलेल्या एका लालाजींनी हॉटेल काढलं. जमिनीत मातीची भट्टी पुरली, तिला तंदूर म्हणतात. संध्याकाळ झाली की तिचा वास रस्ता ओलांडून थेट आमच्या अंगणात. यशवंतराव नव्या सरकारच्या कचेरीत नोकरीला लागले होते. मित्रांबरोबर महिन्यातून एकदा तिथे जेवायचे आणि घरी येऊन वर्णन करायचे.

"भिया, क्या रोटी! कडेला खुसखुशीत, मध्ये लुसलुशीत. आणि वर ती काळी डाळ!"

विद्युल्लता उज्जैनच्या कॉलेजातून अभ्यासासाठी घरी आली होती. ती फणकारली, "दादा, तू खाल्लंस ते कळलं. पण मी, आई, वहिनी, आम्ही नुसतं ऐकायचं का?"

"अगं, बायका कुठे हॉटेलात जातात?"

"का नाही जात? राज्यघटना वाचलीस का?"

"राज्यघटनेत रोटीचं काही लिहिलेलं नाही," असं म्हणून यशवंतराव हात धुवायला गेले.

हा विनोद इंदूला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हसवू शकला नाही. धारची ही मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच गरोदर होती आणि तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. भात उलटायचा, पोळी उलटायची, फोडणीचा वास आला तरी ती तोंडावर पदर धरून अंगणात धावायची. माझ्याजवळच मोरी होती, त्यामुळे मला सगळं दिसायचं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्यबुवा भवानीबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर आईला आणि बाळाला, दोघांनाही जड जाईल. धारला माहेरी पाठवावं तर मोटारीचे हिसके तिला सोसायचे नाहीत. तिला काय हवंसं वाटतंय ते विचारा."

विचारलं. इंदू लाजून मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, ती समोरची रोटी."

डोहाळे पुरवायचे असतात हे साऱ्यांना मान्य होतं. पण मोरोपंतांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "थोरलीच्या बाजूला शिजलेलं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. दुसरा कुठलाही डोहाळा सांग, सूनबाई. चिरोटे, श्रीखंड, काय हवं ते."

बिचाऱ्या यशवंतरावांनी एकदा कोटाच्या आत लपवून रोटी आणली. रस्ता ओलांडून, पुढच्या दारानं वडिलांचा डोळा चुकवून, माजघरातून अंगणात येईपर्यंत ती थंड पडून चामड्यासारखी झाली होती. इंदूनं एक घास घेतला आणि मोरीकडे धावली. नंतर माझ्या काठावर डोकं टेकून मुसमुसत म्हणाली, "ही नाही हो विजूताई. जाळातून निघालेली हवी. तो वास हवा."

विद्युल्लता तिची पाठ चोळत उभी होती. चोळता चोळता तिची नजर माझ्यावर आली. अशी नजर मी आयुष्यात पाहिली नव्हती! पुढच्या क्षणी पायांत चपला घालून ती रस्ता ओलांडत होती. कॉलेजात शिकणारी एकटी मुलगी, सरळ लालाजींच्या भट्टीसमोर!

परत आली ती लालाजींचंच बोलणं घोकत, "घर में पुराना मटका है बेटी? तो तंदूर तो है ही तेरे पास! नीचे हवा के लिए छेद कर, बाहर से मिट्टी लेप दे."

मटका? मी रांजण आहे! पण रागवायला वेळ कुठे होता? तिनं छिन्नी आणली आणि माझ्या बुडाजवळ ठोकायला सुरुवात केली. मी मनात सगळ्या कुंभारांचे देव आठवले. माझं तोंड तिनं रुंद केलं, भोवती विटा रचल्या, टांगेवाल्याकडून मागून आणलेली लीद, भुसा आणि चिखल कालवून मला हातभर जाड लिंपलं. चीर कुठल्या कुठे बुजली. आतून गुळाचं आणि मिठाचं पाणी फासलं. मग काही दिवस मंद शेक. विकतचा कोळसा आणायची ऐपत नव्हती, म्हणून शेतातून फुकट मिळालेल्या कपाशीच्या काड्या आणि गोवऱ्या. माझ्या रंध्रारंध्रांत मुरलेलं पाणी वाफ होऊन निघालं आणि मला कसं हलकं, तरंगल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

मोरोपंत पडवीतून विचारायचे, "काय यज्ञ मांडलाय?"

"हॉटेल काढतेय, बाबा. धाकट्या पातीत!"

ते खाकरून आत जायचे.

पहिला दिवस उजाडला. कणीक भवानीबाईंनी भिजवली, आणि इथेच घात झाला. त्यांच्या पुरणपोळीचं नाव थेट धारपर्यंत. साहजिकच त्यांनी पुरणपोळीला मळतात तशी कणीक मळली. सैल, तुकतुकीत, तेलात बुडवून बुडवून. विद्युल्लतेनं हाताला पंचा गुंडाळला आणि पहिली रोटी माझ्या पोटात थापली. मी धरून ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला हो! पण ती तेलकट बया सुळ्ळकन् घसरून निखाऱ्यांत. दुसरी तिच्यावर. तिसरीबरोबर पंचाही गेला आणि भडका उडाला.

"आई, कणकेत किती तेल घातलंस?"

"अगं, तेलाशिवाय कणकेला तार कशी येईल? पाहुण्यांपुढे वाढणार आहेस की गुरांपुढे?"

"भिंतीला चिकटायला हवी ना ती!"

"पोळी भिंतीला चिकटवतात हेच मुळी मला पटत नाही," भवानीबाई म्हणाल्या.

पडवीतून मोरोपंतांचा आवाज आला, "अग्निदेव मात्र पोटभर जेवले."

सगळे हसले. इंदूसुद्धा, कितीतरी दिवसांनी. पण हसता हसता तिला भोवळ आली आणि ती मटकन खाली बसली. जळक्या तेलाचा धूर तिच्या नाकात गेला होता. हसू तिथेच थांबलं. विद्युल्लतेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वादविवाद जिंकणारी मुलगी, इंदूच्या डोक्याशी बसून नुसता वारा घालू लागली.

इंदूनं डोळे उघडले. म्हणाली, "तेलाचाच वास सोसत नाही मला. मी भिजवू का? नुसतं पाणी, मीठ आणि चमचाभर ताक. मला खाता येईल अशी?"

भवानीबाईंना ती कणीक बघवत नव्हती. तुकतुकी नाही, तार नाही. पण त्यांनी तेलाचं भांडं उचलून आत नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं इंदू गोळा घेऊन उठली आणि माझ्या तोंडाशी आली. माझा जाळ आता ओसरून आत लाल निखारा फुलला होता. पंचा तर जळून गेलेला. ती उघडा हात आत घालणार, तेवढ्यात मागून हाक आली, "सूनबाई, थांब. हात भाजेल."

मोरोपंत उभे होते आणि त्यांच्या हातात त्यांची दरबारी पगडी होती! दसऱ्याच्या दरबारात मुजरा करताना घालायचे ती.

"मामंजी, ही कशी घेऊ?"

"आतून छान गच्च आहे. ओल्या फडक्यात गुंडाळ आणि हिच्यावर रोटी घेऊन थाप." मग म्हणाले, "दरबार आता भरायचा नाही. नातवंड मात्र यायचंय."

इंदूनं पगडीला ओला फडका गुंडाळला, त्यावर रोटी पसरली आणि खाली वाकली. फडक्यातलं पाणी माझ्या तापल्या अंगावर चर्रकन् उडालं. भाजल्या मातीचा वास वर गेला. तो वास तिनं डोळे मिटून असा ओढून घेतला, असा ओढून घेतला की मला सगळं उमगलं. पोरीला रोटीइतकी मातीचीही ओढ लागली होती! माझी! लालाजींची रोटी तिला रस्त्यापलीकडून ज्या वासानं बोलावत होती, तो वास माझ्याच भाऊबंदांचा.

थप्! रोटी लागली. मी धरली. श्वास रोखून धरली. तिला फोड आले, फुगली, ठिपके उमटले. झाऱ्याच्या वाकवलेल्या दांडीनं विद्युल्लतेनं ती अलगद वर काढली. आणि इंदूनं काय करावं? उभ्या उभ्याच, सासू-सासऱ्यांसमोर, बोटं भाजत, फुंकर मारत तिनं ती खायला सुरुवात केली! घरच्या पुरुषांची पानं व्हायच्या आधी सुनेनं घास घ्यायचा, हे त्या अंगणात कधी झालं नव्हतं. भवानीबाईंचा हात तोंडाकडे गेला. सगळ्यांचे डोळे एकदा इंदूकडे, एकदा मोरीकडे.

रोटी संपली. ती मोरीकडे गेली नाही. पदरानं ओठ पुसून हळूच म्हणाली, "आणखी एक घालू?"

विद्युल्लतेनं अशी आरोळी ठोकली की सीताफळीवरचे पोपट उडाले! भवानीबाई हसतही होत्या, रडतही होत्या. मोरोपंत पाटावर बसून घेत म्हणाले, "तिची झाली की मला वाढा. समोरचा वासच तेवढा मोठा दिसतोय. आपली रोटी सरस आहे."

"बाबा, अजून खाल्ली कुठे तुम्ही?"

"धाकट्या पातीची आहे. खायची गरज नाही."

त्या दिवसापासून इंदू जेवू लागली. निवत्या निखाऱ्यांवर भवानीबाई अख्ख्या उडदाची हंडी ठेवू लागल्या. सकाळपर्यंत डाळ लोण्यासारखी शिजायची, सरपणाची वेगळी काडी लागायची नाही. यशवंतरावांचं हॉटेल सुटलं. त्या एका जेवणाच्या खर्चात आता सारं घर जेवतं. पुढे आळीतल्या बायका आपापली कणीक घेऊन येऊ लागल्या, आणि रस्त्यापलीकडच्याही. मोरोपंतांनी त्यांना पाहिलं आणि स्वतः उठून पाट मांडले. इंदूला मुलगी झाली. गुटगुटीत, आणि रंगानं, खरं सांगतो, थेट माझ्यासारखी.

आता मी थकलोय म्हणावं तर ते खोटं आहे. माझ्या काठाचा एक कान उडालाय, लिंपण दर पंधरवड्याला नवं लागतं, आणि पाणी कसं असतं ते मी विसरून गेलोय. पण रोज संध्याकाळी पेटतो. मला एवढंच मागायचंय. तुमच्याही घरामागे एखादा फुटका रांजण पडलेला असेल, त्याला जागं करा. आणि जी जाळापुढे वाकते, तिला सगळ्यांत शेवटी, गारढोण तुकड्यावर जेवू घालू नका. हा नियम कुठल्या राजानं केला? राजेसुद्धा गेले, हा का राहावा?

बघा, इंदू कणीक घेऊन आलीच. मागे विद्युल्लता, कडेवर भाची. सरका, वाट द्या. गर्दी करू नका, सगळ्यांना मिळणार आहे. पण पहिली रोटी तिची.