तीन पायांचा नेम

चौदा वर्षं नेटा स्टिडहॅम डिसेंबरातल्या हरणांच्या शिकारीचा परवाना मागत होती आणि चौदा वर्षं सोडतीत तिचं नाव निघत नव्हतं. पंधराव्या वर्षी निघालं, तेव्हा तिचा उजवा हात थरथरायला लागून दीड वर्ष झालं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, जिवाला धोका नाही, कुणाकुणाला वयाबरोबर येतं. पण कॉफीचा कप अर्ध्याच्या वर भरायची सोय उरली नव्हती. ज्या हाताने सव्वीस वर्षं घाटातून शाळेची बस चालवली, तो हात आता शर्टाची गुंडी लावताना घर चुकायचा.

धाकटा भाऊ क्लेव्ह परवाना बघायला म्हणून आला आणि तिच्याच टेबलावर बसून, तिच्याच हिरव्या मिरचीच्या रश्श्यात पोळी बुडवत बोलायला लागला.

"राग मानू नकोस नेटा, पण हा परवाना परत करून टाक. नियमात बसतं ते."

"का रे? तुला हेवा वाटतोय का?"

"हेवा वाटतोच. मला मिळाला असता तर उड्या मारल्या असत्या. पण तुझा हात बघ ना. नेम चुकला तर एक वेळ ठीक. अर्धवट लागला, हरीण पोटात गोळी घेऊन झाडीत गेलं, आणि आपण तीन दिवस रक्त शोधत फिरलो तर? झोप येईल तुला?"

हीच भीती नेटाच्याही मनात होती. वडिलांनी दोघांना पहिला धडा तोच दिला होता: खात्री नसेल तर चापाला बोट लावायचं नाही.

"हात हलतो माझा," ती शेवटी म्हणाली. "डोळे नाही हलत. मला टेकायला काहीतरी घट्ट पाहिजे, एवढंच."

"जमिनीवर पालथी पडून मार मग."

"त्या डोंगरात? कमरेएवढं गवत आहे. पालथी पडले तर मला गवताची मुळं दिसतील."

दुसऱ्या दिवशी ती इसाउरो बेल्त्रानच्या दुकानात गेली. क्लेव्ह मागोमाग आलाच. इसाउरो तीस वर्षं लोकांना डोंगरात शिकारीला नेत असे. गुडघे गेले तेव्हा त्याने टायरवाल्याच्या शेजारी दुर्बिणी आणि ट्रायपॉडचं दुकान थाटलं. त्याची तिन्ही मुलं नेटाच्या बसमधून शाळेत गेलेली. बसमध्ये ओकली तीही तिनेच पुसलेली. त्यामुळे दुकानात तिला खुर्ची मिळायची.

"दुर्बीण आहे माझ्याकडे, पंधरापट मोठं दाखवणारी," नेटा म्हणाली. "तिच्यासाठी आणि रायफलीसाठी मिळून एकच ट्रायपॉड हवा. दोन ओझी मी वाहणार नाही."

क्लेव्हने कोपऱ्यातला सगळ्यात हलका ट्रायपॉड उचलला. "हा घे. पिसासारखा आहे."

"पिसासारखाच उडेल," इसाउरो म्हणाला. "मधला दांडा वर ओढला ना, की काठीवर मडकं ठेवल्यासारखं होतं. वारा आला की डुलतं. नेटाबाई, मधला दांडा नसलेलाच घ्या. पाय जाड हवेत, आणि एका पायाचे तुकडे तीनच. जितके सांधे जास्त, तितकी लटपट जास्त."

त्याने तसे दोन काढले. एक इतका दणकट की त्यावर बैल टांगता आला असता. नेटाने तो पाठपिशवीला बांधला, पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि दुकानामागच्या चढावर दोनदा जाऊन आली. परत आली ती धापा टाकत.

"नको. वर पोचेन, पण पोचल्यावर माझी छाती भात्यासारखी हलत असेल. मग काय उपयोग?"

दुसरा मध्यम वजनाचा होता. पाय पसरले की बुटका होई, उभे केले की तिच्या हनुवटीपर्यंत येई. तो तिने जमिनीवर रोवला आणि वरून सगळा भार टाकून दाबला. हलला नाही.

"पायांचं ठरलं," इसाउरो म्हणाला. "आता डोकं."

"तेच तर हिच्यात कमी आहे," क्लेव्ह पुटपुटला.

"तू टायर बघायला जा बघू!" नेटा म्हणाली.

इसाउरोने ट्रायपॉडच्या टोकाला दुर्बीण बसवायचं, लांब मूठ असलेलं डोकं चढवलं. मूठ धरून फिरवलं की दुर्बीण लोण्यासारखी सरकायची. "डोंगर न्याहाळायला याला तोड नाही. मी जन्मभर हेच वापरलं."

नेटाने दुर्बीण बसवली, मूठ धरली आणि समोरच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. टाकी थुईथुई नाचत होती. तिने मूठ घट्ट धरली, तशी जास्तच नाचली.

"बघ," क्लेव्ह हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

नेटाने मूठ सोडली. टाकी थांबली. तिने पुन्हा धरली, पुन्हा सोडली. असं चार वेळा केल्यावर ती हसायलाच लागली.

"इसाउरो, ही मूठ माझा कंप थेट दुर्बिणीला पोचवतेय! तुझ्या हाताला ही चांगली. मला मूठच नको. ते गोल गोळ्यावर फिरणारं डोकं दे, ते बुटकं."

"अहो, ते ढिलं केलं की सगळीकडे कलंडतं. त्याने डोंगर ओळीने बघता येत नाही."

"गोळा आवळूनच ठेवायचा. खाली तबकडी फिरते ना? तेवढीच बोटाने ढकलायची आणि हात मांडीवर. दिसेल तेवढं बघायचं, मग पुन्हा एक टिचकी."

इसाउरोने करून बघितलं. मग डोक्यावरची टोपी मागे सारून तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला. "तीस वर्षं," तो म्हणाला, "तीस वर्षं मी लोकांना उलट शिकवत आलो की काय! आणि गोळा आवळला की रायफल मुठीच्या डोक्यापेक्षा यावरच पक्की बसते. न्या बाई. तुम्हीच बरोबर."

पुढचे दोन महिने नेटाने परसात बसून घालवले. दुर्बीण काढायची, ट्रायपॉडवरच्या त्याच खाचेत रायफल अडकवायची, मागच्या कोपराखाली पाठपिशवी घ्यायची आणि रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा. रोज पन्नास वेळा. शनिवारी चांदमारीवर जाऊन खऱ्या गोळ्या. डावा हात ती रायफलीवर ठेवून खाली दाबायची. उजव्या हाताचं एकच बोट कामाचं, बाकीची चार नुसती सोबतीला. नोव्हेंबरअखेर तीनशे यार्डांवर तिच्या पाचही गोळ्या बशीत मावायला लागल्या. क्लेव्हने निशाणाच्या कागदांवरची भोकं मोजली, पुन्हा मोजली आणि कागद घडी करून खिशात घातले.

शिकारीचा पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं एका खिंडीच्या तोंडाशी बसले. समोर घायपाताच्या झुडपांनी आणि ओकच्या झाडांनी ठिपके दिलेला पिवळा उतार होता. क्लेव्ह हातातल्या दुर्बिणीने पंधरा मिनिटांत तो सगळा पालथा घालून मोकळा झाला.

"काही नाही इथे. पुढच्या खिंडीत जाऊ."

"बस."

"अगं, मी सगळं बघितलं."

"तू बघितलंस, मी अजून बघतेय. बस."

टिचकी. हात मांडीवर. बघणं. टिचकी. हाताला काम नसल्याने डोळे एकेका झुडपावर ठिय्या देऊन बसत. तासाभराने एका ओकखाली तिला एक आडवी रेघ दिसली. त्या उतारावर बाकी सगळ्या रेघा उभ्या किंवा तिरक्या होत्या. ती त्या रेघेवर थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग रेघेच्या टोकाशी एक कान फडफडला.

"क्लेव्ह," ती कुजबुजली. "ये. ट्रायपॉडला हात न लावता बघ."

क्लेव्हने डोळे लावले. "फांदी आहे ती."

"फांदी माशा हाकलत नाही."

कान पुन्हा हलला. क्लेव्हचा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. "नेटा... शिंगं बघितलीस? अगं, हा म्हातारा आहे! आणि मी याच्यावरून दोनदा नजर फिरवली!"

हजार यार्डांवरून तीनशेच्या आत यायला त्यांना दोन तास लागले. ओढ्यातून, वारा तोंडावर घेत, एकेक पाऊल. शेवटच्या उंचवट्यावर गवत खरोखरच कमरेएवढं होतं. नेटाने ट्रायपॉडचा एक पाय हरणाच्या दिशेने पुढे रोवला, दोन मागे, आणि गवताच्या वर आलेल्या एका खडकावर बसली. रायफल खाचेत खट्ट बसली. पिशवी कोपराखाली आली.

हरीण ओकखाली बसूनच होतं. गवतावर फक्त मान आणि शिंगं.

"उठेपर्यंत थांब," क्लेव्ह म्हणाला.

"मला शिकवतोस?"

चाळीस मिनिटं ती तशीच बसून होती. हात कापत होता, नेहमीपेक्षा जास्तच. पण रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली ओकच्या खोडावर खिळा ठोकल्यासारखी उभी होती. नेटाने एकदा हाताकडे बघितलं, एकदा फुलीकडे, आणि तिच्या लक्षात आलं की आता हाताची भीतीच वाटत नाहीये.

हरीण उठलं. अंग ताणलं, बाजू समोर करून उभं राहिलं. तिने तबकडीला टिचकी मारली, फुली खांद्यामागे नेली, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज खिंडीत फिरून परत आला तेव्हा हरीण जागच्या जागी पडलेलं होतं. एक पाऊलही न टाकता.

क्लेव्ह उठून उभा राहिला. मग मटकन बसला. मग पुन्हा उठला आणि त्याने टोपी इतक्या जोराने हवेत फेकली की ती खाली घायपातात जाऊन अडकली.

"जागेवर!" तो ओरडला. "जागेवर पाडलंस गं! एक पाऊल नाही गेला!"

नेटाने रायफल रिकामी केली आणि मग ती हसली, मोठमोठ्याने, पोट धरून. समोरच्या कड्याने ते हसू उचलून परत पाठवलं, तसं तिला आणखीच हसू फुटलं.

हरणापाशी पोचल्यावर ती गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या मानेवर तळहात ठेवला. करडं अंग अजून उबदार होतं. नियमाप्रमाणे परवान्याचा कागद तिने स्वतःच शिंगाला बांधला. गाठ तीनदा सुटली. क्लेव्ह पुढे झाला नाही. नुसता उभा राहून बघत होता. चौथ्यांदा गाठ बसली.

"मांस मी वाहतो," तो म्हणाला. "सगळं. तू नुसती चाल."

"शिंगं मी नेणार."

"ती तर तुझीच," क्लेव्ह म्हणाला, आणि वाटेत अडकलेली टोपी काढायला खाली घायपाताकडे उतरला.