दोनची रेघ

वसुधाने कागदावर बोट ठेवून रेघा पुन्हा मोजल्या. विक्रमच्या नावाखाली सात, तिच्या नावाखाली पाच, आईच्या नावाखाली शून्य. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी दुपारी दीडपर्यंत एकूण बारा. कागद संडासाच्या दाराला चिकटवलेला होता, आणि दार म्हणजे प्लास्टिकचा घडीचा पडदा, जेवायच्या बाकापासून हातभर अंतरावर.

"आई विसरतात बहुतेक," बाकावर नकाशा पसरून बसलेला विक्रम म्हणाला. "तू जरा आठवण कर ना. माझं सगळं गणित चुकतंय यार."

"तूच सांग."

"सासूबाईंना? संडासाबद्दल? वेडी आहेस का तू?"

ही आरव्ही, म्हणजे झोपाय-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, विक्रमच्या ऑफिसातल्या एकाची. चावी देताना त्याने बजावलं होतं की संडासाच्या टाकीचा काटा चालत नाही. पन्नास वेळा फ्लश केलं की टाकी भरली समजायचं, नाहीतर सगळं उलटून वर येईल. विक्रमने तिथेच खिशातून पेन काढून तीन रकाने आखले. क्युपर्टिनोतल्या कंपनीत तो दिवसभर कॉम्प्युटरच्या चिप्स तपासायचा. काहीही मोजायचं म्हटलं की त्याच्या अंगात यायचं.

आईने रेडवुडच्या उंच झाडांचं जंगल बघावं हा हट्ट मात्र वसुधाचा. गुरुवारी आईचं परतीचं विमान होतं, हातात हेच तीन दिवस. त्यातला पहिला असा गेला: वाटेत विक्रमने द्राक्षमळ्यांमध्ये दोन ठिकाणी वाइन चाखायला गाडी थांबवली, आणि आई दोन्ही वेळा गाडीतच बसून राहिली. पार्कमध्ये पोचल्यावर मुक्कामाला गाडी लावायची जागा उतरती निघाली. चाकांखाली फळ्या घालून, काढून, विक्रमने गाडी तीनदा पुढेमागे केली, तरी भाजी कढईच्या एकाच बाजूला जमत होती. आणि भोवती इतकी शांतता की शेजारच्या तंबूतला चमचा पडला तरी इकडे ऐकू यावा. कुजबुजत भांडण्याचा वसुधाला कंटाळा आला होता.

एकच गोष्ट सुरळीत चालली होती. मार्चमध्ये सांगलीला आईचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर खडा परत होणार, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. वसुधा केमिस्ट्रीची नवी एम.एस. तिने दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनवर मार्करने अर्ध्या अर्ध्या लिटरच्या सहा रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिली. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. काल गाडीत आणि आज सकाळपासून बाहेर खुर्चीत, आई कॅन घेऊनच बसलेली होती आणि पाणी प्रत्येक वेळी नेमकं रेघेवर असायचं.

वसुधा शून्याकडे बघत राहिली. काल तीन लिटर आत गेले, आज आत्तापर्यंत दीड. आत गेलेलं कुठून तरी बाहेर यायला हवं.

ती आरव्हीला वळसा घालून मागे गेली.

आई पाठमोरी, नेच्याच्या झुडपावर वाकलेली होती. कॅन तिरपा करून ती पाणी ओतत होती. मग थांबून तिने कॅन डोळ्यांसमोर धरला, चष्म्यातून नीट पाहिलं आणि अजून थोडं ओतलं. पाणी दोनच्या रेघेला टेकलं.

"आई!"

आईने दचकून झाकण लावलं. "अगं, झाडाला घालत होते. किती कोरडं पडलंय बघ."

"काल सबंध दिवसात किती प्यायलीस?"

"प्यायले की. गोळीबरोबर."

"गोळीबरोबर! कळ आली तेव्हा भिंतीवर डोकं आपटत होतीस, विसरलीस? ती विमानात आली म्हणजे?"

"ओरडू नकोस. विक्रमराव ऐकतील."

"ऐकू दे त्याला!"

"हेच ते," आई खालच्या आवाजात म्हणाली. "तिथे जावई बसलेले. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. आणि वर बाहेर येऊन रेघ मारायची? मी?"

"मग तो पार्कचा संडास आहे ना, पक्का बांधलेला? काल आल्या आल्या दाखवला तुला."

"तिथे नुसता कागद. हातात मग घेऊन त्या सगळ्या लोकांमधून जायचं? आज पहाटे जाऊन आले, शालीखाली लपवून. पाणी नाही प्यायलं की एकदा पुरतं." आईने पदर खोचला. "लग्नाकार्याला गेलं की आम्ही सगळ्या असंच करतो. तू म्हणजे अगदी..."

"तीन लिटर म्हणाले होते डॉक्टर."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला. पुरुषमाणूस."

वसुधा आत गेली. विक्रमने नकाशावरून मान वर केली.

"केलीस आठवण?"

तिने संडासातला लाल प्लास्टिकचा मग उचलला आणि बाहेर आली.

"चल."

"अगं, तो झाक तरी. टॉवेल घे वरून."

वसुधाने मग तसाच हातात धरला. वाट चार तंबूंच्या समोरून जात होती. तिसऱ्यापाशी अर्ध्या चड्डीतला एक गोरा आजोबा शेगडीवर कणसं भाजत होता. त्याने मगाकडे पाहिलं, मग मागून डोक्यावर पदर घेऊन येणाऱ्या आईकडे.

"ब्लॅकबेरीज?" त्याने वाटेकडेच्या झुडपांकडे बोट दाखवत विचारलं.

"येस," वसुधा म्हणाली.

"गुड लक!" त्याने चिमटा हलवला.

चार पावलं पुढे गेल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"शुभेच्छा दिल्या."

"कसल्या?"

"तुझ्या कामाला."

आईने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलत होते.

इमारतीच्या बाहेर दाबायचा नळ होता. वसुधाने मग भरून दिला. आई आत गेली आणि वसुधा दाराला पाठ लावून उभी राहिली. दोन मुली आल्या, त्यांना तिने हाताने थांबवलं. त्या निमूट थांबल्या.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. हात धुतले, रिकामा मग कठड्यावर ठेवला. मग तिने एकदा मागे दाराकडे पाहिलं, निऱ्या गुडघ्यांत धरल्या आणि नळाखाली ओंजळ केली.

"दाबून धर गं."

वसुधाने नळ दाबून धरला आणि मोजत राहिली. चौदा ओंजळी झाल्या. एका ओंजळीत साठ मिलिलिटर धरले तर आठशे चाळीस.