कचरा नावाची फाईल

मनस्वीच्या वडिलांनी त्या कॅसेटला तीस वर्षं हळदकुंकू वाहिलं होतं. खरोखरच वाहिलं होतं. देव्हाऱ्यात, लाल फडक्यात, दर दसऱ्याला अक्षता आणि वर पळीभर पाणी. मी स्क्रू काढून कॅसेट उघडली तर फितीच्या कडेला कुंकवाचा थर आणि आत एक तांदूळ. पूजा करायची तर फोटोची करावी, टेपवर पाणी कसलं शिंपडायचं? पण विश्वंभरकाका दोन वर्षांपूर्वी गेले. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी त्यांच्या बहिणीवर चिडलो.

इकडच्या हिंदी मुलखात, ओरछा गेटच्या आत माझं दुकान आहे. पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचो, आता लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. जीभ तिखट आहे हे मलाही माहीत आहे, पण काम स्वच्छ. खरखर, पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, माझ्या हातून गेलेल्या फाईलमध्ये यातलं काही राहत नाही.

कांचनआत्या चिरगाँवहून बसने आल्या होत्या. मी चिडचिड केली ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मग सांगितलं. कॅसेट मनस्वीच्या बारशाची, त्र्याण्णव सालची. मनस्वी आठ महिन्यांची असताना तिची आई अनुसूया गेली. कॅसेट तुटेल या भीतीने विश्वंभरकाकांनी ती नंतर कधी लावलीच नाही, कुणाला लावू दिली नाही. मनस्वीने आईचा आवाज आजवर ऐकलेला नाही. आता तिलाच मुलगी झाली होती, रविवारी बारसं होतं, आणि आईने रचलेला पाळणा त्या वेळी लागावा एवढंच तिचं म्हणणं होतं. ती बाळंतीण, घराबाहेर पडता येईना, म्हणून आत्याला पाठवलं होतं.

मी म्हटलं, ही फीत एकदाच वाजेल. कुंकवाने ती खरवडली जाणार, दुसऱ्यांदा काही मिळणार नाही. गुरुवारी या.

बुधवारी दुपारी ती लावली. पाळणा होता, बाईचा मोकळा आवाज होता, आणि प्रत्येक ओळीच्या आधी तीच ओळ अगदी पुसट ऐकू येत होती. मला याचं नवल नव्हतं. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, आणि गाण्याच्या आधीच गाणं ऐकू येतं. मी त्याला भूत म्हणतो. तासभर बसून मी एकेक ओळीमागचं भूत काढलं. फीत शेवटी दोन ठिकाणी तुटली ती तुटलीच. मूळ फाईलही पुसून टाकली, कारण माझी हार्डडिस्क म्हणजे काही धर्मशाळा नाही.

गुरुवारी आत्यांनी हेडफोन लावून पाळणा ऐकला. पहिल्यांदा हसल्या. मग हसू गेलं. पाळणा संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

"वहिनी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गातायत की.

"ही मी आहे भैया. मी गातेय. वहिनीचा घसा बसला होता, डॉक्टरने बोलू नको म्हणून सांगितलं होतं. पाळणा तिनेच जोडलेला, मला शब्द कुठे येत होते? ती खाटेवरून हळूच ओळ सांगायची, मग मी म्हणायची. टेप तिच्या उशाशीच होता. वो आवाज किधर गया?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोरीला तिच्या आईचा जो एवढासा आवाज मिळायचा होता, तोच मी धुऊन काढला होता. मला बसवेना. लाज वाटली, आणि दुकानात दुसरं कुणी गिऱ्हाईक नाही याचं बरं वाटलं.

मग आठवलं. जे काढून टाकतो ते कॉम्प्युटर वेगळं साठवतो. त्या फाईलला मी 'कचरा' असं नाव देतो आणि दर शनिवारी रिकामी करतो. आज गुरुवारच होता.

ती फाईल स्पीकरवर लावली. तिच्यात बाकी काही नव्हतं, फक्त तो बसलेला आवाज. एक ओळ, मग आत्या गातील एवढी शांतता, मग समाधानाचा छोटासा "हं", आणि पुढची ओळ. आत्यांचे ओठ प्रत्येक शांततेत हलत होते. त्या पदराने डोळे पुसत होत्या. शेवटचं कडवं आलं.

"पाळण्यात कोण गं निजले? पाळण्यात निजली तन्वी."

त्यानंतर "हं" आला नाही. शांतताच राहिली, आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर फाईल संपली.

तन्वी कोण, असं मी विचारलं. आत्या म्हणाल्या, आमच्या घरात तर या नावाचं कुणी नाही. मनस्वी हे नाव विश्वंभरभाऊंनी पत्रिका पाहून आधीच ठरवलं होतं, दुसरं निघालंच नव्हतं. मी त्यांची गाण्याची फाईल पुन्हा लावली. तिथे आत्यांनी स्वच्छ 'मनस्वी' म्हटलं होतं. सांगणारी एक नाव सांगते आणि म्हणणारी दुसरंच म्हणते, हे आत्यांना त्या दिवशी जाणवलं कसं नाही? त्या म्हणाल्या, वहिनीने त्या दिवशी मनस्वीच सांगितलं होतं, मला पक्कं आठवतंय. माझ्या अंगावर काटा आला. भर दुपार होती, बाहेर ई-रिक्षावाले भांडत होते.

तेवढा तुकडा कापावा असं मनात आलं. बारशाच्या घरी भलतंच नाव कशाला? दोन सेकंदांचं काम. बोट माऊसवर होतं. पण एकदा स्वच्छता करून मी काय केलं होतं ते समोर बसलं होतं. मी फाईलला हात लावला नाही.

गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी जात नाही. रविवारी मात्र मोबाइल आणि स्पीकर घेऊन रेल्वे कॉलनीत स्वतः गेलो. खोलीभर बायका, घुगऱ्यांचा वास, पाळण्याला झेंडूच्या माळा. नाव अजून ठेवायचं होतं. ते मनस्वीने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. चिठ्ठी तिच्या मुठीत होती. पाळणा झाला की ती नणंदेला देणार, आणि नणंद बाळाच्या कानात कुर्र करणार.

मी फाईल सुरू केली. अनुसूयाबाईंनी ओळ सांगितली आणि थांबल्या. त्या शांततेत कांचनआत्यांनी ओळ म्हटली. "हं." दुसऱ्या ओळीला चारजणी म्हणू लागल्या, तिसऱ्याला सगळ्या. मनस्वी गात नव्हती. ती स्पीकरकडे बघत रडत होती, आणि तिला कुणी उगी केलं नाही.

"पाळण्यात कोण गं निजले? पाळण्यात निजली तन्वी."

कुणीच ओळ म्हटली नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मनस्वीने मूठ उघडून चिठ्ठी नणंदेच्या हातात दिली. नणंदेने ती वाचली आणि आत्यांपुढे धरली.

"हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं," मनस्वी म्हणाली. "किसी को नहीं."

मग ती पाळण्यावर वाकली. तिला मराठी समजतं, बोलताना अडखळते. पण ती ओळ तिने सावकाश, एकही शब्द न चुकता म्हटली, शेवटच्या नावापर्यंत.

"हं," स्पीकरमधून आवाज आला.

मी मोबाइल पाहिला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते, आणि फाईल केव्हाच थांबली होती.