दोन तावदानांमधला कापूस

आमच्या डोंगरातल्या नारिन गावात थंडीला घरात शिरायला केसभर फटसुद्धा पुरते, म्हणून दरवर्षी बर्फ पडायच्या आधी आम्ही खिडकीच्या दोन तावदानांमधल्या वीतभर जागेत कापूस भरतो, आतलं तावदान लावून घेतो आणि फटींवर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवतो; खर्च म्हणाल तर मूठभर पिठाचा. यंदा मात्र जिवाशी गाठ होती. नात आलतिनाय सहा महिन्यांची, छाती नाजूक, आणि पुन्हा गारठा लागला तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या.

तरी सुनेच्या खोलीतल्या पट्ट्या रोज दुपारी फाटलेल्या सापडायच्या. माझा लेक झापार तिलाच दोषी धरायचा. "पोरगी मारायचीय का तुला?" म्हणत त्याने सायराला चाबकाने झोडपलं, दुसऱ्या दिवशी तिचं मनगट पिरगाळून मोडलं. "मी नाही हो फाडल्या, आई," ती मला सांगत राहिली. मी मूग गिळून खळ ढवळत बसले. आता लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

तिसऱ्या दिवशी मी पट्टी निरखून पाहिली. कागद खोलीच्या बाजूला फुगून फाटला होता, आणि काचेच्या पलीकडच्या अंगाला, जिथे कापसाखेरीज काहीच नाही, तिथे नखांचे ओरखडे होते. मी झापारला बोलावून दाखवले.

"डोळे गेले तुझे, आई," तो हसला. कुऱ्हाडीच्या एका घावात त्याने आतली काच फोडली आणि मला खोटं पाडायला कोपरापर्यंत हात कापसात खुपसला. तो ओरडलाही नाही. हाड मोडल्याचा आवाज मात्र मी ऐकला, मग दुसरा, मग तिसरा. हात बाहेर आला तेव्हा बोटं उलटी वळली होती आणि कापूस लाल झाला होता. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं.

आतली काच गेल्यामुळे त्या खोलीत वारा सरळ शिरू लागला. सायराने बाळाला गुंडाळून माझ्या खोलीत आणलं. माझ्या खिडकीत अजून कापूस भरायचा राहिला होता आणि मोडलेल्या मनगटाने तिला ते जमणार नव्हतं, म्हणून तिने कापसाची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"कापूस तुम्हीच भरा, आई," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही तर मला कधी बोटही लावलं नाहीत."

आलतिनाय खोकली. मी बाही वर सारली.